खजिन्यावरची नावं

सलीमाला मोहिमेत घेतलं ते तिच्या अक्षरासाठी.

मोहीम म्हणजे कोकिळाचा खेळ. कोकिळा पारोळ्याची, धुळ्याला डी.एड.च्या पहिल्या वर्षाला, कॉलेजच्याच वसतिगृहात राहायची. तिचा मावसभाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला होता. एक्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यानं तिला एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स दिली. पुस्तक खेळाचं, पण त्यात ना पट, ना सोंगट्या. एकीनं सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक पात्र घ्यायचं, आणि आपलं पात्र आता काय करतं ते आपण सांगायचं. ते जमलं की फसलं हे फासा ठरवणार. तो फासा होता वीस बाजूंचा. तसला धुळ्यात कुठं मिळणार? कोकिळानं वीस चिंचोक्यांवर आकडे घातले आणि ते पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकले. डबा हलवायचा, न बघता एक चिंचोका काढायचा. आकडा जितका मोठा तितकं काम फत्ते.

रविवारी दुपारी वसतिगृहाच्या वऱ्हांड्यात सतरंजी पडायची. धरणगावची चंद्रकला लढवय्यी व्हायची. तिला समोर दिसेल त्यावर तलवार चालवायची असे. विमल वैदू व्हायची आणि चंद्रकलाच्या जखमा बांधता बांधता तिला ओरडायची. कोकिळा सूत्रधार. एकच अडचण होती. झेरॉक्सची शेवटची वीस पानं राहूनच गेली होती, आणि खजिन्याच्या आणि किरकोळ माणसांच्या याद्या नेमक्या त्याच पानांत होत्या.

"तुझं अक्षर सुरेख आहे," कोकिळा एक दिवस वर्गात सलीमाला म्हणाली. "आम्हाला याद्या करून दे. वाटेत भेटणारी माणसं वीस आणि खजिन्याच्या वस्तू वीस. मी क्रमांक काढीन, ती वस्तू निघेल."

सलीमाचं अक्षर सुरेख असणारच. तिचे अब्बा, कादरभाई, आग्रा रोडवरच्या एका भांड्यांच्या दुकानापुढं गोणपाट टाकून भांड्यांवर नावं घालायचे. लग्नसराईत त्यांना मान वर करायला फुरसत नसे. मग सलीमा शेजारी बसायची आणि बारीक छिन्नीनं ठक ठक करत ताटा-तांब्यांवर अक्षरं उठवायची. स्टीलवर चुकलेलं अक्षर खोडता येत नाही, त्यामुळं तिचा हात सवयीनंच जपून चाले.

पहिली यादी तिनं एका संध्याकाळी उरकली. एक पहारेकरी, एक दुकानदार, एक म्हातारी. सोन्याची मोहर, चांदीचा पेला, हिऱ्याची अंगठी. पण सुवाच्य लिहून काढताना तिची तीच वैतागली. हा पहारेकरी उभा कशासाठी आहे? म्हातारी रस्त्यात एकटी काय करते? तिनं पान फाडलं आणि नव्यानं सुरुवात केली. पंधरा दिवस गेले. शिकवण्याच्या सरावाची पाठ-टाचणं मागं पडली, त्यावरून बोलणीही खाल्ली. पण वीसची वीस माणसं उभी राहिली. पहारेकऱ्याचे डोळे अधू झालेले, आणि ते कुणाला कळू नये म्हणून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाच दरडावतो. दुकानदाराला उंदरांची भीती वाटते, आणि त्याचा धंदा धान्याचा. प्रत्येकाला नाव, आणि प्रत्येकाला हवं असलेलं काहीतरी.

रविवारी ती सतरंजीच्या कडेला बसून वाट बघत राहिली. चंद्रकला आणि विमल नदीपाशी आल्या. कोकिळानं चिंचोका काढला, वहीत बघितलं आणि म्हणाली, "एक नावाडीण आहे. ती तुम्हाला पलीकडे सोडते. पुढं डोंगर लागतो."

सलीमा थक्क झाली. झुंबरबाई नावाडिणीवर तिनं दोन पानं लिहिली होती.

"तिचं नाव आहे गं," ती म्हणाली. "ती असं कुणालाही सोडत नाही. आधी विचारते..."

"सलीमा, वाटेतली माणसं आहेत ती," कोकिळा म्हणाली. रागावून नाही, वर्गात पोरांना समजवावं तशी. "त्यांच्यापाशी थांबलो तर डोंगरावर कधी पोचणार? आणि तुझा खजिना बघ. एका पायाचं पैंजण! पैंजणाचं आम्ही काय करू?"

डोंगरावर आगओक्या अजगर होता. त्या दिवशी तो मेला. चंद्रकलानं अठराचा चिंचोका काढला आणि वऱ्हांडाभर नाचली. गुहेतला खजिना पुढच्या रविवारी, असं म्हणून कोकिळानं वही मिटली.

सलीमा सतरंजीची घडी घालायला थांबली. घडी घालून झाली तरी ती जागची हलली नाही.

"पुढचा रविवार मला दे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी सूत्रधार होते. तू पात्र घे."

कोकिळानं तिच्याकडे नीट बघितलं. मोहिमेत येऊन सलीमाला तीन रविवार झाले होते, आणि त्यातही ती बसून राहण्यापलीकडं खेळली नव्हती. कोकिळाला हसू आलं. पण समोरची हसत नाही म्हटल्यावर तिनं आवरलं.

"घे," ती म्हणाली. "पण चार वाजता चहाची घंटा होते. माझ्या मोहिमेत चहाला कुणी उठत नाही. तुझ्या वेळी पोरी उठल्या तर तू पुन्हा याद्या करायच्या. मी सांगीन तेवढ्या आणि मी सांगीन तशा."

"चालेल."

चालेल म्हणाली खरी, पण घरी जाईपर्यंत तिच्यापुढं एकच प्रश्न होता. गुहेत काय ठेवायचं? मोहरा ठेवल्या तर तो कोकिळाचाच खेळ. पैंजण ठेवलं तर चंद्रकला विचारणार, याचं करायचं काय. सोमवार, मंगळवार, बुधवार ती लिहीत राहिली, फाडत राहिली.

गुरुवारी कॉलेजला सुट्टी होती. सुगराबी मावशीला बरं नव्हतं म्हणून अम्मीनं तिला डबा देऊन सोनगीरला पाठवलं. शिरपूर गाडीनं तासाभरात ती सोनगीरच्या किल्ल्याखाली उतरली. मावशीला जेवायला घातलं, आणि ती झोपल्यावर घराशेजारच्या गल्लीत गेली. गल्ली तांबटांची. लहानपणी तिथल्या ठोक्यांनी तिला झोप लागत नसे, आता तो आवाज आला की बरं वाटायचं.

झुलाल आबा ओट्यावर बसून एका घागरीचं बूड ठोकत होते. त्यांच्यामागं जुन्या भांड्यांचा ढीग होता. हंडे, पराती, तपेली, सगळं मोडीत आलेलं, भट्टीत जायचं. पोचे आलेले, कान तुटलेले. सलीमानं सवयीनं एक हंडा फिरवून बघितला. गळ्यापाशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती.

"'भागीरथी, मामाकडून'," तिनं वाचलं.

आबांचा हातोडा थांबला. ते अहिराणीत म्हणाले, "काय म्हनी तू?"

"नाव आहे आबा. हंड्यावर."

"नाव शे ते माले ठाऊक शे. वाचता येस नही माले." त्यांनी हातोडा खाली ठेवला. "चाळीस वरीस व्हयनात, बठ्ठा भांडा मना हातखाले गयात. कोन्हीबी वाची दखाडं नही. अजून वाच."

सलीमा वाचत गेली. ताराबाई, सासरे निंबा यांजकडून. कै. छगन यांच्या स्मरणार्थ. गोजरी, पहिल्या मुलाच्या वेळी. काहींवर गावाचं नाव होतं, काहींवर तिथी. ज्यानं कुणी ती अक्षरं घातली होती त्याचा हात कधी घाईत होता, कधी निवांत. ते तिला वळणावरून कळत होतं. पंधरा-वीस नावं झाल्यावर तिच्या हातात एक पितळी तांब्या आला.

"'ठकूबाई लोटन, सोनगीर. भावाकडून.'"

"थांब," आबा म्हणाले. "परत वाच."

तिनं परत वाचलं. आबांनी तांब्या हातात घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि बुडाखाली बोट फिरवलं. तिथं एक लहानशी फुली होती, त्यांच्या हातची खूण. "हाऊ मी घडेल शे," ते म्हणाले. "लोटननी बायको. तिना भाऊ पायी उना व्हता, आठे, मना समोर बसना. तांब्या तयार व्हस तोवर उठना नही." मग त्यांनी तो ढिगात परत टाकला नाही. मागच्या कोनाड्यात ठेवला. "हाऊ मोडमा जावाव नही."

आणि पुन्हा घागर ठोकायला लागले.

परतीच्या गाडीत सलीमाला जागा मिळाली नाही. दांडा धरून उभी असताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. तिनं स्वतः शेकडो नावं घातली होती. पुढं त्या बायकांचं काय झालं, भांडी कुठं गेली, हे तिनं एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. धुळ्याला उतरेपर्यंत गुहेत काय आहे ते ठरलं होतं. घरी येताच तिनं लिहायला घेतलं, आणि शनिवारी दुपारपर्यंत एकही पान फाडलं नाही.

रविवारी दोन वाजता ती सूत्रधाराच्या जागी बसली. समोर चंद्रकला, विमल आणि धनुर्धारी झालेली कोकिळा. कोकिळानं हाताची घडी घातली होती.

"अजगर मेला आहे," सलीमानं सुरुवात केली. "गुहा अजून गरम आहे. आत ढीग आहे."

"किती मोहरा?" चंद्रकलानं विचारलं.

"मोहरा नाहीत. हंडे आहेत, तांबे आहेत, पाळण्याचे घुंगरू आहेत. एक तराजू. एका पायाचं पैंजण. अजगरानं सात गावं लुटली, तेव्हा घरांत जे होतं ते आणलं. आणि प्रत्येक वस्तूवर नाव आहे."

"मग विकू बाजारात."

"विका. हे बाजारातले दुकानदार." सलीमानं वही उघडली. "पहिला हंडा हातात घेतो, नाव वाचतो आणि खाली ठेवतो. 'ही माझ्या गावची बाई,' म्हणतो. 'जिवंत आहे. हे मी घेणार नाही.'"

"आम्ही जीव धोक्यात घालून अजगर मारला!" चंद्रकला तावातावानं म्हणाली. "खजिना आमचा नाही?"

"मला नको विचारू. दुकानदाराला विचार."

चंद्रकलानं खरंच दुकानदाराशी भांडण काढलं. विमल मध्ये पडली. दोघींचं जुंपलं. विमल म्हणत होती, परत देऊ. चंद्रकला म्हणत होती, निदान पैंजण तरी ठेवू, त्याला जोड कुठं आहे? सलीमा दुकानदार होऊन उत्तरं देत होती. दोघी सतरंजीवर पुढं पुढं सरकत होत्या. कोकिळाच्या हाताची घडी मात्र तशीच होती. शेवटी ठरलं, नदीपलीकडच्या गावांत जाऊन बघू तरी, हे लोक कोण आहेत.

"नदी आहे," सलीमा म्हणाली. "नावाडिणीचं नाव झुंबरबाई. ती तुमच्या गाठोड्यातला एक तांब्या बघते. 'हा माझ्या बहिणीचा,' म्हणते. 'तेवढा मला द्या. मी तुम्हाला सोडते.'"

विमल गाठोडं सोडणार होती. तेवढ्यात कोकिळानं हाताची घडी सोडली.

"माझी धनुर्धारी बाण मारते," ती म्हणाली.

"कुणाला?"

"नावाडिणीला. तांब्या आमचा, नावही आमची. तूच काढ चिंचोका."

विमल म्हणाली, "अगं कोकिळा!" पण ते नियमाबाहेरचं नव्हतं. सलीमानं डबा हलवला. आत हात घातला. चिंचोका मुठीत घेऊन तिनं तो स्वतःपुरता बघितला. एकोणीस.

सात आहे म्हणाली असती तर कुणाला कळणार नव्हतं. दोन पानं लिहिली होती. झुंबरबाईला तिनं तळपायाला दुखरी भोवरी दिली होती, तंबाखूचं व्यसन दिलं होतं, भर पावसाळ्यात नाव उलटली तेव्हा एका शेळीला वाचवल्याचा अभिमान दिला होता. तिला कोकिळाचा इतका राग आला की डोळ्यांपुढं सतरंजीचे पट्टे हलायला लागले. पण आकडा बदलला तर झुंबरबाई जगेल ती सूत्रधाराच्या मर्जीनं. मग ती कोकिळा म्हणते तशी किरकोळच झाली.

तिनं मूठ उघडली. "एकोणीस. झुंबरबाई मेली. नावेतच पडली."

कोकिळानं खांदे उडवले. "चला पुढं."

"चला," सलीमा म्हणाली. "नाव कोण वल्हवतं?"

कोकिळा थांबली. "कुणीतरी वल्हवेल. आम्ही पोहून जातो."

"गाठोड्यासकट? धार आहे. काढ चिंचोका." चार आला. गाठोडं बुडता बुडता विमलनं धरलं, आणि तिघी पुन्हा ह्याच काठाला लागल्या.

"मी वल्हवते मग," कोकिळा चिडून म्हणाली.

"वल्हव. झुंबरबाईला कुठं ठेवतेस?"

"काय?"

"ती नावेत आहे. तिला काठावर ठेवतेस, नदीत सोडतेस, की घेऊन जातेस? मला सांगावं लागेल. पलीकडे लोक उभे आहेत. रोजची वेळ आहे, ते नावेची वाट बघताहेत. बाजाराला जायचेत काही. एक बाई आहे, तिचे दिवस भरलेत, तिला सुईणीकडे यायचंय. आणि झुंबरबाईची दोन मुलं आहेत. मोठीचं नाव सुंदर, आठ वर्षांची. ती आईची भाकरी घेऊन येते."

कोकिळा वहीकडे बघायला लागली. "हे आता रचलंस."

सलीमानं वही फिरवून तिच्यापुढं ठेवली. तिसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं, सुवाच्य, गेल्या महिन्यातल्या शाईनं.

कोकिळानं ते वाचलं. मग खालच्या ओळी वाचल्या. शेळीचं वाचलं. वही परत फिरवून देताना ती हळू आवाजात म्हणाली, "घेऊन जाते. नदीत नाही सोडत."

ती वल्हवायला लागली. नाव दोनदा भलतीकडं गेली, तिनं दोनदा चिंचोके काढले. पलीकडचा काठ जवळ आला तसे लोक ओरडायला लागले, की आज वल्ह्यावर ही कोण? ते सगळे आवाज सलीमाच काढत होती, आणि तिला आता वहीत बघावं लागत नव्हतं. विमल आधी उडी मारून दिवस भरलेल्या बाईकडे गेली. चंद्रकलानं तलवार नावेत टाकली. कोकिळा वल्हं धरून बसून राहिली.

"सुंदर काठावर येते," सलीमा म्हणाली. "नावेत बघत नाही, तुझ्याकडं बघते. विचारते, 'आई कुठंय?'"

आत चहाची घंटा वाजली. स्वयंपाकघरातून स्टोव्हचा वास येत होता. घंटा पुन्हा वाजली. सतरंजीवरचं कुणी हललं नाही.

"मी..." कोकिळा म्हणाली, आणि थांबली. "काय सांगायचं?"

"ते मी कसं सांगू? पात्र तुझं आहे."

चंद्रकला म्हणाली, "सांग की, अजगरानं मारलं म्हणून."

"नाही," कोकिळा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, आणि ती खेळत होती की खरंच बोलत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. "मी मारलं म्हणून सांगते. माझ्या हातून मेली म्हणून. तांब्यापायी."

सलीमा काही बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"मंग त्या पोरीनं काय करं?"

दारात धुरपदाबाई उभ्या होत्या, वसतिगृहाच्या स्वयंपाकीण. त्यांच्या हातातली किटली वाकडी झाली होती आणि चहाची धार पायरीवर पडत होती. त्या कधीच्या तिथं होत्या कोण जाणे.

"अक्का, चहा!" विमल ओरडली.

"ऱ्हाऊ दे चहा. सांग ना व माय, काय करं पोरीनं?"

"भाकरीचं फडकं नावेत ठेवलं," सलीमा म्हणाली, "आणि धावत घराकडं गेली. मामाला बोलवायला."

धुरपदाबाई "अरे देवा" म्हणाल्या आणि पायरीवर टेकल्या. त्या दिवशी चहा पाच वाजता झाला, तोही दुसऱ्यांदा ठेवून.

कप विसळताना कोकिळा नळापाशी सलीमाच्या शेजारी आली. बराच वेळ तिनं एकच कप विसळला.

"माझ्या मोहिमांत मी वाटेतल्या माणसांना नावं दिली नव्हती," ती म्हणाली. "दिली की मारवत नाहीत."

"तू मारलीस की."

"मारली." कोकिळानं नळ बंद केला. "हे बघ, लढाया मी चांगल्या सांगते. डोंगर, वाटा, सापळे, ते माझ्याकडं राहू दे. माणसं आणि खजिना तुझा. पुढच्या रविवारपासून दोघी सूत्रधार. चालेल?"

"तू वाचणार असशील तर चालेल. सगळं वाचायचं."

"वाचीन." ती जायला वळली, पण पुन्हा थांबली. "त्या मुलीचा मामा. तो येणार ना माझ्या मागं?"

"येणार."

"कसा आहे तो?"

"अजून लिहिला नाही."

कोकिळानं पदराला हात पुसले. "लिहिशील तेव्हा त्याला सोपा करू नकोस," ती म्हणाली. "माझी दया यायला नको त्याला."

सलीमानं मान डोलावली. सूर्य अजून वर होता, घरी पोचेपर्यंत चांगला तासभर उजेड मिळणार होता. तिनं वही काखेत मारली आणि झपाझप चालायला लागली. मामाचं नाव काय ठेवायचं ते तिला कोपऱ्यापर्यंतच सुचलं होतं. तो चालताना एक पाय ओढतो, हेही दिसलं होतं. आता तो का ओढतो, एवढंच शोधायचं राहिलं होतं.